शमादानावर मफलर

"आणि हे काय लटकतंय याच्यावर?"

प्राचार्य दिगंबर अष्टेकर पडवीच्या पायरीवरच थांबले. एक पाय चपलेत, एक बाहेर.

कमालबाबा चिंचेकडे तोंड करून बसला होता. वळला नाही.

"काय काय आहे ते तूच बघ," म्हणाला.

सरांनी पाहिलं. पितळेचं शमादान. पाच फांद्यांचं, कमरेएवढं उंच. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः बाबाच्या तकियाला भेट दिलेलं. देताना फोटोसुद्धा काढून घेतला होता.

आता एका फांदीवर तिथेच राहणाऱ्या गुलाबमामाचा लोकरी मफलर. दुसरीवर जुबेदाचाचीची बाजाराची पिशवी. तिसरीवर कुणाची तरी छत्री. चौथीवर बाबाचा चष्मा, दोरीसकट. आणि मधल्या उंच फांदीवर, जिथे मोठी मेणबत्ती बसते तिथे, एक ओला बनियन.

"बाबा, ही वस्तू शंभर वर्षांपूर्वीची आहे."

"बनियन नवाच आहे."

सर हसले नाहीत. सर कधीच हसायचे नाहीत. चाळीस वर्षं कॉलेजात पोरांना गप्प बसवण्यात गेली. रिटायर झाल्यावर गप्प बसवायला पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी वस्तू जमवल्या.

घड्याळं जमवली. लंबकाची, कोंबड्याची, काचेच्या घुमटातली. शमादानं, हंड्या, ग्रामोफोनचे कर्णे, चिनी फुलदाण्या. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि जिथे जागा होती तिथे गालिचा होता, त्यावर पाय ठेवायचा नाही. प्रत्येक वस्तूपुढे छोटी पाटी. 'कृपया हात लावू नये.' अक्षर सुंदर.

घड्याळं सगळी बंद. चालू ठेवली तर एकामागून एक टोले देतात, दुपारची झोप मोडते. म्हणून सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. दुकानात असतात तसे. दिसायला छान दिसतं.

मिरजेबाहेर ओढ्याकाठी बाबाचा तकिया आहे. तकिया म्हणजे फकिराचं ठाणं: एक खोली, एक पडवी, एक चिंच, आणि ज्यांना घरी कुणी विचारत नाही अशी माणसं. बाबा सगळ्यांना अरे-तुरे करायचा. कलेक्टरलाही. सरांना ते खुपायचं. पण ज्याच्या पाया पडायचं त्याच्याकडे तक्रार कशी करणार? आणि बाबाही काही कमी नव्हता. कुणी वाकलं की पाय आखडून घ्यायचा नाही, उलट जरा पुढेच सरकवायचा.

सर वाकले. बाबाने पाय पुढे केला.

"बोल. का आलास?"

"अमोघ घर सोडून चाललाय."

"कोण अमोघ?"

"माझा मुलगा. तुम्ही ओळखता त्याला. उद्या टेम्पो सांगितलाय त्याने. भाड्याचा फ्लॅट घेतलाय. मी सांगून पाहिलं. तो तुम्हाला मानतो. तुम्ही एक शब्द टाका, थांबेल तो."

"का चाललाय?"

"पल्लवीचं म्हणणं... सुनेचं म्हणणं, त्या घरात पोरीला मोकळं वावरता येत नाही."

"येतं का?"

"शिस्त लागते हो, बाबा. सहा वर्षांची झाली रेवा."

"तेवढंच कारण?"

"तेवढंच."

सरांनी जे सांगितलं नाही ते हे. गेल्या आठवड्यात रेवाने एका घड्याळाच्या लंबकाला बोट लावलं. तिला घड्याळ बघायला नुकतंच शिकवलं होतं शाळेत. सर म्हणाले, कोपऱ्यात उभी राहा, मोठा काटा तीनवर येईपर्यंत हलायचं नाही. आणि जाऊन झोपले. पोर समोरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. घड्याळ बंद. आईवडील कामावर. संध्याकाळी पल्लवी आली तेव्हा ती तिथेच उभी होती. पाय थरथरत होते. म्हणाली, आई, काटा हलतच नाहीये.

सरांनी सुनेची माफी मागितली नाही. विसरलो म्हणाले. वयानुसार होतं म्हणाले. म्हाताऱ्यांना हे एक बरं असतं.

पल्लवी परवाच तकियावर येऊन बाबापाशी रडून गेली होती, हे सरांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीत टोले पडू लागले. एक, दोन... सात.

पडवीत हालचाल झाली. जुबेदाचाचीने स्टोव्ह पेटवला. गुलाबमामाने चाचपडत आपला कप शोधला.

सरांनी मनगटावर पाहिलं.

"साडेचार वाजलेत. हे मी शमादानाबरोबर दिलेलं घड्याळ ना? इथे आणलं तेव्हा बरोबर होतं."

"आत्ताही बरोबर आहे. सात वाजले की चहा."

"मी माणूस पाठवतो दुरुस्तीला."

"आला होता एक," जुबेदाचाची स्टोव्हपाशी बसून म्हणाली. "काटे नीट लावून गेला. मग साडेचारला टोलेच पडेनात. चार दिवस दुपारचा चहा नाही की काही नाही. शेवटी मीच स्टुलावर चढले आणि होतं तसं करून ठेवलं."

"चाची, अहो, पण घड्याळाचं काम..."

"साखर किती घालू, सर?"

सरांनी चहा घेतला. कप फुटका होता. ते शमादानाकडेच बघत राहिले. बनियनमधून एक थेंब पितळेवरून घरंगळत खाली आला.

"बाबा," ते शेवटी म्हणाले, "राग येणार नसेल तर... मी हे परत नेतो. इथे कुणाला त्याची किंमत नाही."

"ने."

सर चपापले. इतक्या सहज मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"खरंच नेऊ?"

"ने की. त्याच्यावरचं ज्याचं त्याला दे आणि ने."

सरांनी मफलर काढला, गुलाबमामापुढे धरला.

"हा घ्या तुमचा."

"ठेवू कुठे?" गुलाबमामा म्हणाला. त्याला दिसत नव्हतं. "तिथे असला की हात टाकला की सापडतो. दुसरीकडे ठेवला की दिवसभर विचारत फिरावं लागतं. जरा तुमच्या खांद्यावर राहू द्या, सर."

सरांनी मफलर खांद्यावर टाकला. पिशवी काढली.

"माझे हात पिठाचे आहेत," चाची म्हणाली. "धरा जरा."

पिशवी डाव्या कोपरात गेली. छत्री कुणाचीच निघाली नाही. ती त्याच हाताच्या मनगटाला अडकली. बनियन बाबाचा होता.

"वाळला का?"

"नाही."

"मग?"

सरांनी तो डाव्या हातावर टाकला आणि हात लांब धरला, सदरा भिजू नये म्हणून. राहिला चष्मा.

"तो तुझ्या गळ्यात घाल," बाबा म्हणाला. "मला विसरायला होतं. वयानुसार."

सरांनी बाबाकडे पाहिलं. बाबा चिंचेकडे बघत होता.

शमादान मोकळं झालं. पाची फांद्या रिकाम्या. चकचकीत, सुंदर. सर मात्र ते उचलू शकत नव्हते. तोल जाऊ नये म्हणून उजवा हातही पसरून उभे होते.

पडवीत कुणी तरी फिसकन हसलं.

"बाबा, हे सगळं किती वेळ धरून उभा राहू?"

"मोठा काटा तीनवर येईपर्यंत."

सरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. खांद्यावरून मफलर घसरला, तो त्यांनी मान तिरकी करून अडवला.

कुणालाच घाई नव्हती. चाची कणीक मळत होती. गुलाबमामा गार झालेला चहा फुंकून पीत होता. आत घड्याळ टिकटिकत होतं.

बाहेर स्कूटर थांबली.

अमोघ आला. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात रेवाचं बोट. त्याने पडवीत पाहिलं आणि दारातच थांबला. वडिलांना असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे, उपयोगी पडताना.

"या, बसा," चाची म्हणाली.

"बसत नाही, चाची. सामान बांधायचंय. वडिलांना न्यायला आलो. घरून फोन केला तर उचलत नव्हते."

"तुझा बाप आत्ता कामात आहे," कमालबाबा म्हणाला.

रेवाने बोट सोडलं. ती आधी शमादानापाशी गेली. जवळ गेल्यावर तिने दोन्ही हात आपोआप पाठीमागे बांधले. मान वर करून पाचही फांद्या पाहिल्या, एकेक. हात पाठीमागेच.

सरांनी ते पाहिलं.

मग ती वळली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मफलर, पिशवी, छत्री, बनियन, चष्मा.

"आजोबा, तुम्हाला शिक्षा झाली?"

"हो," सर म्हणाले.

"किती?"

"मोठा काटा तीनवर येईपर्यंत."

रेवा आतल्या खोलीत धावली. आतून काही वेळ आवाज नाही. मग परत आली, आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली,

"घाबरू नका. इथला काटा हलतोय. मी बघितलं."

सरांच्या गळ्यातला चष्मा हलला.

रेवा आणखी एक पाऊल पुढे आली. हात पुन्हा पाठीमागे.

"आजोबा, हात लावू?"

चाचीचे हात परातीत थांबले.

"लाव," सर म्हणाले. "लाव बाळा. कुठेही लाव."

तिने चपला काढल्या. त्यांच्या पावलांवर आपली पावलं ठेवून उभी राहिली आणि कमरेला मिठी मारली. सर डुलले. छत्री पिशवीवर आपटली. बनियनचं पाणी सदऱ्यावर उतरलं. ते उतरू दिलं त्यांनी.

"आजोबा, चालून दाखवा असं."

"पडेल सगळं."

"मग पडू दे."

सर एक पाऊल चालले. मग दुसरं. पोर त्यांच्या पायांवर. गुलाबमामाने विचारलं, कसला आवाज आहे? चाची म्हणाली, सर हसतायत. गुलाबमामाचा विश्वास बसला नाही.

आत काट्याने तीन गाठले असावेत. कुणी जाऊन पाहिलं नाही.

अमोघ अजून दारातच होता. पुढे येत नव्हता, जातही नव्हता. हेल्मेट या हातातून त्या हातात घेत होता.

सर थांबले. धाप लागली होती.

"बाबा," ते मुलाकडे न बघता म्हणाले, "त्याला सांगताय ना? मी घड्याळं चालू करतो म्हणावं. पाट्या काढतो. आज काढतो. सांगा त्याला."

कमालबाबाने सरांकडे पाहिलं. नखशिखांत. मग अमोघकडे वळला.

"हेल्मेट किती वेळ धरून उभा राहशील?" तो म्हणाला. "याचा उजवा हात रिकामा आहे."