धोट्याच्या वाटेत

"पण दोघांपैकी जिंकणार कोण, अण्णा?"

यशोधनने हे तिसऱ्यांदा विचारलं.

लच्चय्या अण्णा मागावर वाकून तुटलेला धागा शोधत होते. चाळीस वर्षं सोलापुरात टॉवेल विणलेला माणूस. कारखान्यातली नवी माणसं त्यांच्याकडे काम शिकत. आणि यशोधनसारखी कॉलेज केलेली पोरं, बाकीचं.

"कोण दोघं?"

"कोण म्हणजे? जगातले दोन सगळ्यात बलाढ्य देश! हा त्याच्या मालावर कर लावतो, तो ह्याची जहाजं अडवतो..."

"मग?"

"मग आपलं फावणार! त्यांचं फाटलं की ऑर्डरी इकडे येणार. मी पुस्तिका लिहिलीय त्यावर."

अण्णांना धाग्याचं टोक सापडलं. त्यांनी गाठ मारली.

बारा मागांपैकी आठ सोमवारपासून बंद होते. विणलेला माल त्याच भांडणात बंदरात अडकून पडला होता. उरलेल्या चारांचा खडखडाट रिकाम्या कारखान्यात एवढा स्वच्छ ऐकू येत होता, की नकोसा वाटत होता.

त्यातला एक माग राजमणी चालवत होती. मान न वळवता तिने विचारलं,

"दादा, त्या ऑर्डरी कधी येणार?"

"वर्ष... दोन वर्षं, अक्का."

"मालक शनिवारी हे चारही बंद करतो म्हणतोय. पोरीचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. काढू का तिला?"

यशोधनने खांदे ताठ केले. मग सभेत बोलावं तसा म्हणाला,

"घाबरू नका. मोठ्या बदलात थोडी कळ सोसावीच लागते."

अण्णांनी मान वर केली. त्यांचा डावा डोळा नव्हता. तिथे नुसती मिटलेली कातडी होती.

"राजमणी, जरा बाजूला हो. यशोधन, तिच्या जागी उभा राहा."

तो उभा राहिला. शेजारचा माग त्याच्यापासून हातभर अंतरावर धडधडत होता.

"आडवा धागा नेतो त्या धोट्याला दोन्हीकडून काठ्या मारतात," अण्णा म्हणाले. "ठोका चुकला की धोटा बाहेर उडतो. टोकाला लोखंड असतं. शेजारी उभं असलेल्याला लागतो."

"तुमचा डोळा... असाच गेला?"

"हो."

"कुठल्या काठीनं? उजव्या की डाव्या?"

"बघायला डोळा कुठे राहिला?"

राजमणी हसली. यशोधनला हसू आलं नाही.

"हा शेजारचा माग कालपासून ठोका चुकवतोय," अण्णा म्हणाले. "दुरुस्तीला मालक माणूस बोलवत नाही. बंदच करायचाय ना! ... बोल आता."

"काय बोलू?"

"मघाचंच. घाबरू नका, कळ सोसा."

यशोधनने तोंड उघडलं.

खट... खट... खट...

मधेच एक ठोका उशिरा पडला.

त्याचे दोन्ही हात आपोआप चेहऱ्यावर गेले. तो मागे सरकला आणि बंद मागावर आदळला.

काही झालं नव्हतं. धोटा आतच होता.

राजमणी आपल्या जागी येऊन उभी राहिली आणि धागा सांधू लागली.

"अण्णा..." यशोधनने हात खाली घेतले. "मला भीती वाटली."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "आता दे तिच्या पोरीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर."