सशाचा हत्ती

हा प्रसंग मी पाहिलेला नाही; रानात सांगतात तसा नोंदवते.

फार पूर्वी एका सशाने डोंगर चढण्यासाठी हत्ती पाळला. डोंगर तसाच राहिला. ससा हत्तीवर बसून शंभर पावलांवरच्या मळ्यातून रोज गाजर आणू लागला. एका फेरीला हत्ती उसाचे चार भारे खाई.

एका उन्हाळ्यात रानात एकच भारा उरला. गाढवी म्हणाली, "ससेभाऊ, आज पायी जा. शिंगरू कालपासून उपाशी आहे, हा ऊस त्याला द्या."

"पायी? आणि लांडगा आला म्हणजे? हत्तीवाले सगळे मुजोर, असं तुम्ही धरूनच चालता, गाढवीबाई! माझा हत्ती खातो तरी किती?"

"चार भारे."

"उंदराचा पाच खातो!"

सशाने तो भारा हत्तीला चारला. हत्ती पन्नासाव्या पावलावर थांबला आणि खायला मिळाल्याशिवाय गुडघे टेकेना. गाढवी शिंगराला घेऊन शेजारून मळ्याकडे चालत गेली; तिथे सशासाठी राखलेली गाजरे शिंगराने खाल्ली.

"वरून दिसतं मात्र छान!" ससा ओरडला.

तो खाली कसा उतरला, किंबहुना उतरला का, याविषयी रानात एकमत नाही.