पलीकडे उमलणारा टाका

एका राज्यात डोंगर निजू लागले. आधी वेलीवरचे भोपळे चपटे झाले, मग तव्यावरची भाकरी फुगेनाशी झाली, आणि एका सकाळी लोक पाहतात तो उत्तरेचा डोंगर चटईसारखा अंथरलेला. कारण सर्वांना ठाऊक होते. राजा वीरबाहूने मांत्रिक विकर्णाच्या गुहेतून रुप्याचा गुळगुळीत पत्रा न विचारता उचलून आणला होता आणि महालाच्या भिंतीला लावला होता. त्या पत्र्याला शाप होता. तो जिथे असेल त्या राज्यात कशालाच उठाव राहत नसे.

शेवटी धाकटा राजपुत्र शंखपाल पत्र्याला टेकला आणि त्यातच चित्र होऊन राहिला. डोळे तेवढे हलत. छातीवर श्वासाची लहर उमटे, तीही दिवसेंदिवस मंदावत होती.

त्याची थोरली बहीण इंदुलेखा सात नद्यांपलीकडच्या विद्यापीठातून परतली, ती थेट भावापुढे येऊन उभी राहिली. खिडकीत भारद्वाज पक्षी बसला होता.

पक्षी म्हणाला, "उठावाची शाल अंगावर पडली तर हा सुटेल. ढगांतल्या मेंढीची लोकर आण. तळ्यातल्या नागाच्या सुळ्याची विणायची आकडी आण. मग उठावाचा टाका शिकून ये."

"कोणाकडून?"

"ज्याचे चोरले, त्याच्याकडून."

इंदुलेखा ढगांत चढली. मेंढीने विचारले, "पांघरणार कोण?" भावाचे नाव ऐकून मेंढीने मान खाली घातली आणि लोकर आपोआप सुटून आली. मग इंदुलेखा तळ्यात उतरली. नागाने विचारले, "परत देशील?" ती म्हणाली, "देईन." नागाने सुळा काढून तिच्या तळहातावर ठेवला. त्याचे टोक आकडीसारखे वळलेले होते.

मग ती विकर्णाच्या गुहेत गेली.

"बाप न विचारता नेतो, लेक शिकायला येते," विकर्ण म्हणाला. "घराणे मोठे उद्योगी आहे."

"मी मागायला आले आहे, महाराज."

विकर्णाने तिला निरखले. "बस. साखळी घाल. आता साखळीच्या एका घरात पाच खांब, उंच उभे टाके."

तिने पाच खांब विणले. ते एकासारखे एक, देखणे उतरले. पण पंख्यासारखे पसरले आणि सपाट राहिले.

"खांब सुंदर आहेत. शाल मात्र तुझ्या भावासारखीच चपटी," विकर्ण म्हणाला. "तू प्रत्येक खांब पुरा करतेस. करू नकोस. शेवटचा फास आकडीवर उघडा राहू दे. पाचही अर्धे राहू देत. मग एकच धागा सगळ्यांतून ओढ, आणि शेजारी मुका खांब, म्हणजे बुटका टाका, घालून त्याला आवळ."

अर्धे सोडायला तिचा हात धजेना. पुन्हा पुन्हा उसवले, पुन्हा घातले. अखेर आकडीवर पाच उघडे फास थरथरत राहिले. तिने धागा ओढला. पाचांचा एक झाला.

"इकडे तर काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

"उठाव पलीकडे जातो. विणणारीच्या वाट्याला पाठ. शाल पुरी होण्याआधी उलटून पाहिलीस तर सगळी उसवेल. ओळ संपली तरी काम फिरवायचे नाही. आकडी डाव्या हातात घ्यायची आणि त्याच अंगाने परत यायचे."

डावा हात हट्टी होता. तोही शिकला.

इंदुलेखा महालात आली आणि पत्र्यासमोर बसून विणू लागली. शालीची पाठ तिच्याकडे, पलीकडची बाजू भावाकडे. ओळीमागून ओळ चढत गेली. तिला दिसत होती ती नुसती लोकर. शंखपालाच्या छातीवरची लहर आता केसाएवढी उरली होती.

राजाला राहवेना. "बाळ, एकदा उलटून पाहा. चुकले असेल तर हातचा वेळ जाईल."

"आबासाहेब, चुकले असेल तरी उलटून पाहता येणार नाही."

"मग बरोबर आहे हे कळायचे कसे?"

इंदुलेखेने मान वर केली. चित्रातले डोळे शालीवर खिळले होते. ते एका टाक्यावरून दुसऱ्या टाक्यावर जात होते, थबकत होते, हळूहळू विस्फारत होते. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्याचे डोळे असतात तसे ते डोळे होते.

"त्याला विचारा," ती म्हणाली, आणि पुढचा धागा ओढला.

राजाने मुलाच्या डोळ्यांत पाहिले. तिथे इवले इवले डोंगर होते, रांगामागून रांगा. राजा लेकीशेजारी बसला आणि तिला धागा सोडून देऊ लागला.

शेवटचा फास आवळला गेला. इंदुलेखेने शाल न उलटता, होती तशीच भावाला कवटाळली. हातांना आधी नाक लागले, मग हनुवटी, मग जोरजोरात धपापणारी छाती. पत्रा मोकळा झाला आणि शंखपाल तिच्या कुशीत कोसळला.

"ताई," तो म्हणाला, "किती वेळ लावलास. आणि हे डोंगर टोचतात."

बाहेर जमीन गडगडली. सारी रयत अंगणात आली. उत्तरेचा डोंगर कूस बदलून उठत होता, आणि त्याच्या खांद्यावरून पाखरे उडत होती.

राजा वीरबाहूने पत्रा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि अनवाणी विकर्णाच्या गुहेची वाट धरली. सुळा नागाला परत पोचला. इंदुलेखेने शाल तेव्हा कुठे उलटून पाहिली. पाच-पाच खांबांचा एकेक डोंगर झाला होता, आणि ती एकेकावरून बोट फिरवत राहिली.