भागुजीने काढलेली चौकट

एका गावात एक भोळा माणूस होता. तसे आमच्या गावात भोळे बरेच होते, पण बाकीच्यांना ते लपवता यायचं. भागुजीला यायचं नाही.

गावाला बिबट्याचा त्रास होता. म्हणून शहरातून मिराशी मॅडम आल्या. त्यांनी चावडीसमोर खांब रोवला, खांबावर कॅमेरा बसवला आणि कॅमेऱ्याला भोंगा जोडला. कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की भोंगा वाजणार होता. अडचण एकच होती. बिबट्या कसा दिसतो, हे कॅमेऱ्याला आधी शिकवावं लागणार होतं. त्यासाठी कोणीतरी संगणकासमोर बसून हजारो फोटो बघायचे, आणि बिबट्या दिसेल तिथे त्याच्याभोवती चौकट काढायची.

"मला फार हुशार माणूस नको," मॅडम ग्रामसभेत म्हणाल्या. "सांगितलं तेवढंच करणारा हवा."

सगळ्या गावाने भागुजीकडे बोट दाखवलं. आम्हा शहाण्यांचा तो एकमताने झालेला पहिला ठराव.

"आठ दिवस बघू," मॅडम म्हणाल्या. "काम बरोबर आलं तर पक्कं करू."

भागुजीने चाळिशी ओलांडली होती, पण त्याला आजवर कोणी 'बरोबर' म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, घरात नाही. लग्नात भटजी म्हणाले, हार घाला, तर याने स्वतःच्याच गळ्यात घातला. मॅडमच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द एकदा ऐकायचाच, असं त्याने मनाशी ठरवलं. बिचारा त्यासाठी रोज अंघोळ करून कामाला बसायचा.

पहिल्या दिवशी उसाचा फोटो आला. उसातून एक शेपूट बाहेर आलं होतं. भागुजीने शेपटाला चौकट काढली.

"अहो भागुजी, शेपूट काय एकटं हिंडतं? मागे अख्खा बिबट्या आहे. झाकलेला असला तरी चौकटीत घ्यायचा."

"व्हय मॅडम. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी नुसत्या उसाचा फोटो आला. भागुजीने अख्ख्या फडाला चौकट काढली.

"यात बिबट्या कुठे आहे?"

"झाकलाय, मॅडम."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, डोळ्यांना काही दिसायला नको का? पिवळं अंग दिसलं, त्यावर काळे ठिपके दिसले, तरच चौकट काढायची."

"व्हय मॅडम. ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी चावडीच्या कॅमेऱ्यातला फोटो आला. दोरीवर कोंडिबाआजाची चादर वाळत होती. पिवळी, वर काळे ठिपके. भागुजीने तिला चौकट काढली, आणि ती इतकी मापात की कोपरासुद्धा सुटला नाही.

"ही चादर आहे, भागुजी. बिबट्याला चार पाय असतात. बिबट्या श्वास घेतो. तेवढं बघत चला."

"व्हय मॅडम. ध्यानात ठेवतो."

चौथ्या दिवशी खरा बिबट्या आला, पण बसलेला. भागुजीने पाय मोजले. दोनच भरले, म्हणून सोडून दिला. पुढच्या फोटोत कोंडिबाआजा चावडीत बाजेवर झोपला होता, डोक्यावरून तीच चादर घेऊन. भागुजीने त्याला चौकट काढली. आजा दिवसभर तिथेच झोपतो. असे तीनशे फोटो होते. भागुजीने तीनशे चौकटी काढल्या आणि मॅडमच्या येण्याची वाट न बघता मशीनला शिकायला देऊन टाकल्या.

"हे काय केलंत?" मॅडमनी विचारलं.

"पिवळं हाय, ठिपकं हायेत. बाजेला चार पाय हायेत."

"आणि श्वास? तो फोटोत कसा दिसला?"

"दिसाया कशाला पायजे, मॅडम? आजाचं घोरणं वेशीपर्यंत ऐकू येतं."

मशीन मात्र भलतं हुशार निघालं. शिकवलं ते सगळं शिकलं. सहाव्या दिवशी भरदुपारी आजाने चादर ओढून घेतली आणि भोंगा वाजला. अख्खं गाव काठ्या घेऊन धावलं आणि बाजेभोवती कोंडाळं करून उभं राहिलं. खोटं कशाला सांगू, मीही त्यात होतो. आजा जागा झाला. त्याने आमच्याकडे पाहिलं, उशाची काठी उचलली आणि आमच्यातच येऊन उभा राहिला. "कुठंशी हाय रं?" म्हणाला.

मॅडमनी भागुजीला बाजूला घेतलं. "आता शेवटचं सांगते. यापुढे चौकट काढायची आणि मला बोलवायचं. मी तपासून बरोबर म्हटल्याशिवाय बोंब मारायची नाही, कशाला हात लावायचा नाही. उद्या चुकलात तर काम गेलं."

"व्हय मॅडम," भागुजी म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

सातव्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी गेला. शेळ्या रानात होत्या. गोठ्यात गारव्याला बिबट्या झोपला होता. भागुजीने नीट पाहिलं. पिवळं अंग, काळे ठिपके, पाय चार, श्वास चालू. मग त्याने कबड्डीच्या मैदानासाठी आणलेली चुन्याची फक्की घेतली आणि जमिनीवर बिबट्याभोवती चौकट काढली. अंगाला अगदी लागून. शेपटाचं टोकसुद्धा आत घेतलं.

मग तो चावडीवर आला. मॅडम फोनवर बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो शांत उभा राहिला.

"एक तपासायचा हाय, मॅडम. घरी हाय."

"संगणक घरी नेलात?"

"न्हाई, मॅडम."

पुढचं आम्हाला मॅडमनीच सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी. त्या तणतणत गेल्या आणि गोठ्यात शिरल्या. समोर पांढरी चौकट, चौकटीत बिबट्या. त्या एकेक पाऊल दाराकडे सरकू लागल्या. मागे न बघता त्या कशाबशा पुटपुटल्या, "भागुजी, दार लावा."

भागुजी दाराबाहेर उभा होता. तो आत आला, दार लावलं आणि कडी घातली.

कडीच्या आवाजाने बिबट्याने डोळे उघडले.

"चौकट बघा की, मॅडम," भागुजी कुजबुजला. "बरोबर हाय का?"

मॅडमनी बिबट्याकडे पाहिलं. मग कडीकडे पाहिलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे."

भागुजीचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो बरोबर होता. शिवाय आता तपासूनही झालं होतं. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून बोंब मारली.