तीन तालुक्यांच्या शिवेवरची खाट

अख्खा प्रांत एकाच राजाचा, तर मग त्याचे तालुके कशाला पाडायचे? हे मी शाळेत विचारलं होतं. गुरुजींनी मला वर्गाबाहेर उभं केलं. चावडीवर तलाठ्याला विचारलं, तर तो म्हणाला, दुपारनंतर ये. दुपारनंतर तो नव्हता. म्हणून मला जेवढं कळलंय तेवढं सांगतो. सुभ्या, पाय आत घे. मुक्ते, मध्ये बोलायचं नाही.

तर फार लांब एक प्रांत होता. तिथल्या राजानं त्याचे तीन तालुके पाडले. डोंगर तालुका, नदी तालुका आणि माळ तालुका. शिवेवर शेंदूर फासलेले दगड पुरले. ही व्यवस्था यमाला फार आवडली, बरं का. त्यानंही आपलं खातं तसंच वाटून दिलं. दर तालुक्याला एक दूत आणि एक रेडा. एकानं दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. रेडे तर असे शिकवलेले, की शेंदरी दगड दिसला की थांबायचे. मागून ढकला, शेपटी पिळा, हलायचे नाहीत. नाही गं मुक्ते, रेडा चावत नाही.

नदी तालुक्यात सगुणा राहायची. तिची दोन लहान पोरं आणि धाकटा भाऊ भिवा. सगुणा कशी होती? होती तुमच्या आईसारखी, माझ्या ताईसारखी. तिच्यासारखंच ताकात मीठ जास्त घालायची आणि वर म्हणायची, गुमान प्या.

एकदा सगुणेला ताप भरला. उतरेचना. वैद्यानं हात टेकले. आणि सकाळी अंगणात नदी तालुक्याचा दूत उभा. हा सदा ओला, सदा शिंकणारा. भिवानं पुढचामागचा विचार जन्मात कधी केला नव्हता. त्यानं पोरं शेजारणीच्या ओट्यावर बसवली, सगुणेसकट खाट डोक्यावर घेतली आणि पळत सुटला. ओढा ओलांडून डोंगर तालुक्यात शिरला. मागं रेडा दगडापाशी थांबला. दूत शिंकला आणि आपल्या बाजूनं शिवेच्या कडेकडेनं निघाला.

मग डोंगर तालुक्याचा दूत आला. हा इतका जाडा, की चढण लागली की रेडाच त्याला खाली उतरवायचा. धापा टाकत म्हणाला, बाईला द्या. भिवानं उतारावरून धूम ठोकली, थेट माळ तालुक्यात.

माळाचा दूत बाभळीखाली झोपला होता. माळाची हवा कोरडी, माणसं चिवट, त्याला कामच नसायचं. भिवाच्या पायांच्या आवाजानं तो उठला. काम आलं म्हणून त्याला एवढा आनंद झाला, की पाशाची गाठ कशी मारायची तेच आठवेना.

भिवा मागं वळला. पण चौथा तालुका राजानं पाडलाच नव्हता. इकडून शिंका, तिकडून धापा, पुढ्यात माळवाला.

मग सगुणा डोळे न उघडताच म्हणाली, “भिवा, दमलास रे. ठेव मला खाली.”

भिवानं खाट ठेवली. कुठं ठेवली ते बघितलंही नाही. ताईचे पाय धरून बसला.

तिन्ही दूत जवळ आले आणि तिन्ही रेडे एकदम थांबले. खाटेखाली शेंदरी दगड होता. तिन्ही तालुक्यांच्या शिवा तिथंच मिळत होत्या. सगुणेचं डोकं डोंगर तालुक्यात, पोट नदी तालुक्यात, पाय माळ तालुक्यात.

डोंगरवाला म्हणाला, डोकं माझ्याकडं, म्हणजे बाई माझी. नदीवाला म्हणाला, तिचं घर माझ्या हद्दीत. माळवाला तर पाय सोडायलाच तयार नाही. पुष्कळ भांडले. मग एकाच्या लक्षात आलं, की जो नेईल त्याला बाकीच्या दोन तालुक्यांना जबाब द्यावा लागेल. तेव्हा सगळ्यांचा सूर बदलला.

“तुम्हीच न्या, साहेब.”

“छे, छे. मान तुमचा.”

शेवटी ठरलं, वर विचारू. निकाल लागेपर्यंत खाट जागची हलवायची नाही. सरकली, तर ज्याच्या हद्दीत जाईल त्याची.

यमानं राजाला विचारलं. राजानं मामलेदारांना विचारलं. मामलेदारांनी साखळी घेऊन मोजणीदार पाठवला. त्यानं ऊन बघितलं, सगुणेच्या हातचं ताक प्यायला, तोंड वाकडं केलं आणि गेला. हो तर, ताप केव्हाच उतरला होता. ते तिघं भांडत होते तेव्हाच. आणि आता ती उठून कुठंही फिरायची. दूतांना खाटेवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. बाईचं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

पण रात्री पोरांना आई हवी, ती निजणार त्या खाटेवर आणि खाट तर हलवायची नाही. मग भिवानं जुनं घर उतरवलं. वासे, कौलं, सगळं डोक्यावरून आणलं आणि खाटेभोवती घर उभं केलं. चूल डोंगर तालुक्यात, देव्हारा नदी तालुक्यात, दार माळ तालुक्यात. खाटेचे चारही पाय जमिनीत गाडले, म्हणजे पोरांनी कितीही उड्या मारल्या तरी हलायची नाही. सगुणा हसली, पोरं जेवली, सगळे सुखात राहिले. निकाल अजून लागायचाय.

मग भिवानं पोरांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि आपली घोंगडी उंबऱ्याला लागून आडवी अंथरली. कुणाला आत यायचं असेल, तर आधी त्याला ओलांडावं लागेल.

झोपा आता. मी दारापाशी आहे.