वाळूच्या गोळ्यांचं फूल

माणसं किनाऱ्यावर हवा खायला येऊ लागली, त्याच्या फार आधीची ही गोष्ट. पुळणीवर एक इवलीशी खेकडी राहायची. ओली वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं सत्त्व खायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी वळून मागे ठेवायची, हा तिचा रोजचा उद्योग. खाता खाता बिळाभोवती गोळ्यांचं सुरेख फूल उमलायचं आणि खेकडी स्वतःवरच खूश व्हायची.

पण भरती आली की सगळं सपाट! एकदा तिला रागच आला. समुद्राचा हात पोचणार नाही अशा जागी, पार केवड्याच्या बनापाशी ती गेली. तिथली वाळू कोरडीठाक. गोळी वळेना, पोटातही काही जाईना. तिसऱ्या दिवशी तिला पाय उचलवेना.

समुद्राकडे परतणाऱ्या कासवमावशीनं तिला पाठीवर घेतलं. "अगं वेडाबाई, जेवता जेवता किती छान फुलं काढायचीस!"

"पण समुद्र पुसून टाकतो ना गं, मावशी!"

"पुसतो खरा. पण जाताना तुझं ताटही वाढून जातो."

ओल्या वाळूवर उतरून खेकडीनं अधाशासारखा घास घेतला आणि पहिली गोळी मागे ठेवली. संध्याकाळी लाट फुलापाशी आली, तेव्हा ती बिळाच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "ये, पूस खुशाल. उद्या मला भूक लागणारच आहे."