बिनवासाची पुडी

"…मग या वर्षी उटणं कोण करणार?"

"तेच तर म्हणते मी. अगं, माईंचं म्हणे…"

नेमका तेवढ्यात गिरणीतला मसाला कुटायचा डंक पडायला लागला. धाड, धाड, धाड. पुढचं सगळं मिरच्यांबरोबर कुटलं गेलं.

डंक थांबला तेव्हा त्या दोघींना मागं उभी असलेली हेमलता दिसली. झालं. लगेच ब्याडगी बरी की लवंगी, यावर बोलणं गेलं.

"माईंचं काय म्हणत होता?" हेमलतानं विचारलं.

"कुठं काय? तुझी उटण्याची कपूरकाचरी आता उद्या सकाळी आण गं बाई. मिरचीमागून कुटलीस तर दिवाळीत सगळा गाव आंघोळीला नाचेल."

हेमलता हसली नाही. पिशवी तशीच घेऊन घरी आली.

सात वर्षं ती घाटावरच्या मठात गिरजामाईंकडे जात होती. वाळा निवडायचा, नागरमोथा उन्हात घालायचा, कुटलेलं सगळं माईंच्या जुन्या मलमली फडक्यातून वस्त्रगाळ करायचं. पण परातीत मिसळण करायची ती माईंनीच. कशाची चिमूट, कशाची मूठ, ते माईंच्या हाताला ठाऊक. हेमलताला सात वर्षांत एकदाही त्यांनी म्हटलं नाही, की आज तू कर.

आणि नाक तर गावात हेमलतासारखं कुणाचं नव्हतं. शेजारी डाळ करपायच्या आधी हिला कळायचं.

त्या रात्री तिच्या मनात एकच होतं. माई करणार नसतील, तर कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टीलचा डबा घेऊन मठात गेली. डब्यात आठ गोळे होते. आदल्या आठवड्यात मोबाइलवर बघून घरीच केलेले. खायचा सोडा, लिंबूफूल, खोबरेल आणि केवड्याचं तेल. पहिल्या खेपेला पाण्याचा हात जरा जास्त लागला तर सगळं भांड्यातच फसफसून वर आलं होतं. दुसऱ्या खेपेला थेंब थेंब मोजून मोदकाच्या साच्यात दाबले, दोन दिवस सुकवले. असे देखणे उतरले की बघत राहावं.

माई खांबाला टेकून बसल्या होत्या. शेजारी मांजर झोपलं होतं.

हेमलतानं डबा उघडला. केवडा असा सुटला की मांजर शिंकलं, उठलं आणि बाहेर गेलं.

"माई, ओळखा बघू काय आणलंय!"

माईंनी एक गोळा उचलला. बोटांनी चाचपला. कळ्या नीट पडल्या होत्या.

"आत्ता मोदक?" माई म्हणाल्या, आणि त्यांनी चावा घेतला.

"माई!"

माईंच्या ओठांतून पांढरा फेस आला. हेमलता तांब्या घेऊन धावली. माईंनी एक चूळ भरली. दुसरी भरली. पदरानं तोंड पुसलं.

"आंबट-खारट झालाय गं," त्या म्हणाल्या. "गूळ विसरलीस."

"अहो, खायचा नाही तो! आंघोळीचा आहे! पाण्यात टाकायचा…"

बोलता बोलता ती थांबली. दारापर्यंत केवडा दरवळत होता. मांजराला कळलं होतं.

"माई… तुम्हाला वास…"

"नाही येत."

"कधीपासून?"

"त्या मोठ्या तापापासून. तीन वर्षं झाली."

डंकावरचं अर्धं राहिलेलं वाक्य आता पुरं झालं.

"पण मागच्या वर्षीचं उटणं? सगळा गाव म्हणत होता, असं कधी झालं नाही…"

"गाव म्हणत होता."

"मग मिसळण कशी केलीत?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."

"…माझ्या?"

"तू परातीशी बसून गाळत असायचीस. मी चिमूट टाकायची आणि तुझ्याकडे बघायची. कपाळाला आठी पडली की थांबायची. डोळे मिटलेस की झालं, असं समजायची."

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

मग हेमलताच्या अंगात हळूहळू काहीतरी वर चढत गेलं.

"म्हणजे तीन वर्षं उटणं मीच केलं."

माईंनी मान हलवली. होय म्हणाल्या की नाही, ते कळलं नाही.

"मग या वर्षी मला करू द्या, माई. ते मलमलीचं फडकं मला द्या."

"पाण्यात टाकायचं म्हणालीस ना हे?" माईंनी डब्याकडे बोट केलं. "मग काय होतं?"

"फसफसतं. विरघळतं. सगळ्या पाण्याला वास लागतो."

"आणि अंगाला हात?"

"लावावाच लागत नाही. तेच तर नवल आहे!"

"कुणाला दिलास का?"

हेमलताचा आवाज जरा उतरला. "शेजारच्या वत्सलावहिनींना नेला होता. भाऊजी गेल्यापासून बोलत नाहीत कुणाशी. श्रावणापासून दार लोटलेलंच. म्हटलं, जरा बरं वाटेल… डबा न उघडता परत केला. माणसानं इतकं तरी करू नये."

"कशाला उघडतील? केवडा आधीच आत गेला असेल."

हेमलतानं डब्याचं झाकण लावलं.

माई उठल्या. फडताळातून घडी घातलेलं फडकं काढून तिच्या हातात ठेवलं. सात वर्षं जे मनात होतं, ते असं, एका क्षणात. हेमलताचे डोळे भरून आले.

"आधी पांढऱ्या दोऱ्याची पुडी कर," माई म्हणाल्या.

दर दिवाळीला माई घरोघर उटण्याची पुडी पाठवायच्या, लाल दोऱ्यानं बांधलेली. ज्या घरात त्या साली कुणी गेलेलं असेल, तिथं पांढऱ्या दोऱ्याची जायची. तिच्यात वासाचं काही नसायचं. नुसतं मसुराचं पीठ आणि मुलतानी माती. त्या घरात सण नसतो, पण आंघोळ तर असते.

"वत्सलेची कर."

"त्यात काय करायचं, माई? वासच नाही त्याला."

"कर."

हेमलतानं पीठ घेतलं, माती घेतली. चंदन, कपूरकाचरी, गुलाबकळी, सगळे डबे समोर होते आणि एकालाही हात लावायचा नव्हता. तिला उगाच हात बांधल्यासारखं झालं. लाल दोऱ्याचं उटणं ती दोनदा गाळायची. हे एकदाच गाळलं. बिनवासाचंच तर होतं.

"झालं," ती म्हणाली.

माईंनी आपला दंड पुढं केला. सुरकुतलेला, पातळ कातडीचा, मागच्या महिन्यात पायरीवर पडल्या त्याची काळी-निळी खूण असलेला.

"लाव."

हेमलतानं वाटीत पाणी घातलं, उटणं कालवलं आणि माईंच्या दंडाला चोळायला लागली. मान खाली घालून, मन लावून. चोळता चोळता तिला डंकावरच्या बायका आठवल्या.

"माई, बाहेर म्हणतात, तुम्ही या वर्षी उटणं करणार नाही."

"नाकाचं खरं आहे त्यांचं."

"आणि उटण्याचं?"

"उटणं होईल."

"कोण करणार?"

हेमलता चोळत राहिली. उटणं सुकत आलं तसा तिनं त्या काळ्या-निळ्या खुणेवरून हात जरा जोरात फिरवला. दंड किंचित थरथरला. तिनं वाटी नाकाशी नेली, हुंगली, पुन्हा खाली ठेवली.

"वास तर काही नाही. बरोबर आहे. कसं झालंय, माई? वत्सलावहिनींना चालेल ना?"

माईंनी दंड मागं घेतला.

"वाटीत काय बघतेस, हेमा?" त्या म्हणाल्या. "वर बघ. माझ्या तोंडाकडे."